पिकअप घेताना गाडी का खडखडते?



निकाहाचे आणि सुट्ट्यांचे दिवस आले की घरची गाडी एकाएकी लांबच्या प्रवासाला निघते. एरवी मुलांना शाळेत सोडणे आणि बाजारहाट एवढेच तिचे काम. आता पाच माणसे, डिकीभर बॅगा आणि समोर चढ. एक्सिलरेटर दाबला की इंजिनातून खडखड येते, पाय उचलला की थांबते. मग घरात दोन मते पडतात. अब्बा म्हणतात, "जुनी गाडी आहे, आवाज करणारच." मुलगा म्हणतो, "इंजिन गेले, मोठा खर्च आला." खरे काय ते थोड्या निरीक्षणाने बरेचसे कळते.

आवाज कसा आहे, याबरोबरच तो केव्हा येतो हे पाहा. गाडी मोकळ्या, सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि हळूहळू रेस द्या. आवाज इथेच आला, तर बहुधा दोष इंजिन, पट्टा किंवा सायलेन्सरच्या बाजूला आहे. उभ्या गाडीत काहीच ऐकू आले नाही, तर रस्त्यावर एकाच वेगात असताना एक गिअर खाली घ्या. गिअरबरोबर आवाज बदलला तर तो इंजिनचा. वेग तोच असताना आवाजही तसाच राहिला, तर टायर किंवा चाकाचे बेअरिंग तपासायला हवे.

ही तपासणी बंद गॅरेजात कधीही करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो. बॉनेट उघडे असताना ओढणी, दुपट्टा, सैल बाह्या आणि मुलांचे हात दूर ठेवा. रेडिएटरचा पंखा मध्येच सुरू होतो.

आता नेहमी भेटणारे आवाज पाहू.

डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड : पेट्रोल गाडीत चढावर, वरच्या गिअरमध्ये हळू जाताना जोर दिला की हा आवाज येतो. याला नॉकिंग म्हणतात. एरवी स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरमध्ये क्रमाने पसरते. पण ताण आणि उष्णता वाढली, की ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. हे बराच काळ चालले तर पिस्टनला इजा होते. चिपळूणहून कराडकडे जाताना कुंभार्ली घाट लागतो. अशा चढावर भरलेली गाडी चौथ्या गिअरमध्ये ओढू नका, खालचा गिअर घ्या. पुष्कळदा खडखड तिथेच थांबते.

तरीही थांबली नाही, तर कूलंटची पातळी, स्पार्क प्लग आणि इंजिनात साचलेला कार्बन तपासून घ्या. पेट्रोलही पाहा. त्याची ऑक्टेन संख्या जितकी जास्त, तितके ते आपोआप भडकायला अवघड. एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या मानकात साध्या पेट्रोलसाठी ही संख्या किमान ९१ ठरवली होती. गाडीच्या पुस्तिकेत ९१ पुरेसे म्हटले असेल तर महागडे पेट्रोल भरून खास लाभ नाही. ९५ सांगितले असेल तर तेच भरावे. डिझेल इंजिनची थोडी टकटक मात्र स्वाभाविक असते.

फटफट किंवा टिकटिक : गाडी थंड असताना जास्त आणि तापल्यावर कमी होत असेल, तर एक्झॉस्टच्या जोडावरचे गॅस्केट गळत असण्याचा संभव आहे. जोडाभोवती काळी काजळी दिसते. धूर गाडीत शिरू शकतो, म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

चींऽऽ असा किंचाळणारा आवाज : एसी लावल्यावर वाढत असेल तर पट्टा सैल किंवा जुना झाला आहे. बऱ्याच गाड्यांत हाच पट्टा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवतो. तो वाटेत तुटला तर गाडी तापून उभी राहते.

पत्र्याची थरथर : ठरावीक रेसवरच येत असेल, तर खालचे उष्णतारोधक पत्रे किंवा सायलेन्सरचे क्लॅम्प सैल असतील. हे काम सहसा स्वस्तात होते.

वळताना कट-कट : स्टीअरिंग पूर्ण वळवून रेस दिली की येणारा हा आवाज बहुधा पुढच्या एक्सलच्या जॉइंटचा असतो. चाकाच्या आतल्या बाजूला फाटलेले रबर आणि उडालेले ग्रीस पाहा.

खालून जड ठोके : रेसबरोबर वाढणारे ठक-ठक ठोके आणि सोबत ऑइलचा लाल दिवा, हे लक्षण सर्वांत गंभीर. गाडी सुरक्षित बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करा. थोड्या वेळाने कांडीवर ऑइल पाहा, पण ठोके येत असतील तर पुन्हा चालू करून बघू नका. निकाहाला उशीर झाला तरी चालेल, गाडी टो करूनच न्या. पुढच्या पाच किलोमीटरमध्ये दुरुस्तीजोगे इंजिन पूर्ण निकामी होऊ शकते.

मिस्त्रीकडे जाताना "इंजिन बघा" एवढेच सांगू नका. एका चिठ्ठीवर लिहा : थंड की गरम, उभी की चालती, कोणता गिअर, चढ की सपाटी, एसी चालू की बंद. शक्य असेल तर मोबाइलवर आवाज टिपून घ्या. काही उघडण्याआधी त्याला शेजारी बसवून एक फेरी मारा आणि आवाज ऐकवा. सुटा भाग बदलायचा ठरला तर कारण विचारा आणि जुना भाग परत मागा. प्रामाणिक मिस्त्रीला याचा राग येत नाही, उलट त्याचे काम सोपे होते. आणि ही सारी तपासणी निघण्याच्या आदल्या रात्री नको, किमान आठवडाभर आधी करा.