शुल्क घटले, पण ‘नीट’ पिण्याजोगी बर्बन कोणती?

प्रतिनिधी, मुंबई

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या अमेरिका भेटीच्या सुमारास, फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने बर्बन व्हिस्कीवरील आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. आता चांगली अमेरिकी व्हिस्की मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात येणार, अशी चर्चा शहरांत रंगली. ती घाईची होती. शंभर रुपयांचा माल बंदरावर अडीचशेऐवजी दोनशेला पडू लागला, एवढाच या सवलतीचा अर्थ. त्यावर राज्याचे उत्पादन शुल्क, मूल्यवर्धित कर आणि विक्रेत्यांचा नफा चढतोच. मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर असल्याने दर राज्यागणिक बदलतात ते वेगळेच.

वास्तविक बर्बन ही मुळात परवडणारी व्हिस्की. अमेरिकी कायद्यानुसार तिच्या धान्यात किमान ५१ टक्के मका हवा आणि ती आतून जाळलेल्या, नव्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरायला हवी. नवे लाकूड आणि केंटकीतील कडक उन्हाळा यांमुळे रंग व गोडवा लवकर उतरतो. स्कॉचप्रमाणे बारा वर्षे वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे जुनी म्हणजे उत्तम, हा आपला हिशेब येथे फसतो.

पाणी-सोड्याविना, शौकिनांच्या भाषेत ‘नीट’, पिणाऱ्याने किमतीआधी लेबल वाचावे. ‘स्ट्रेट’ म्हणजे किमान दोन वर्षे मुरलेली. चार वर्षांहून कमी असल्यास वय छापणे बंधनकारक. म्हणजेच वय न छापलेली ‘स्ट्रेट’ निदान चार वर्षांची असते. ‘बॉटल्ड इन बाँड’ हा शिक्का त्याहून मोलाचा. १८९७ च्या कायद्याने त्यासाठी एकच भट्टी, एकच हंगाम, किमान चार वर्षे आणि ५० टक्के मद्यार्क ठरवून दिला. इव्हान विल्यम्सची पांढऱ्या लेबलची बाटली याच जातीची आणि अमेरिकेत स्वस्तातली. वाइल्ड टर्की १०१ मध्ये मद्यार्क ५०.५ टक्के. आपल्याकडे सहज दिसणारी जिम बीम व्हाइट ४० टक्क्यांची. सोड्यात ती शोभते, नुसती घेतल्यास काहीशी पातळ लागते.

पॅपी व्हॅन विंकलसारख्या दुर्मीळ बाटल्यांसाठी छापील किमतीच्या कित्येक पट मोजणारे हौशी आहेत. त्यांची गोष्ट निराळी. परदेशातून येणाऱ्या आप्ताला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. बाँडची बाटली मागवायची ती त्याच्याकडूनच.