मुद्दलाला हात

व्याजावर संसार करावा, मुद्दलाला हात लावू नये, ही शिकवण व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. पेढीसाठी ती उत्तमच. परंतु ऐंशी ओलांडलेले वडील अंथरुणाला खिळतात, तेव्हा हीच शिकवण साऱ्या घराची कोंडी करते.

साधा हिशेब पाहावा. अर्धांगाच्या झटक्यानंतर रुग्णालयातून घरी आलेल्या वडिलांना कूस बदलण्यासाठीही कोणीतरी जवळ लागते. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या आणि प्रत्येक पाळीचे ८०० रुपये धरले, तर महिन्याचे ४८,००० रुपये होतात. औषधे, डायपर, फिजिओथेरपी आणि भाड्याचा पलंग यांचा खर्च वेगळा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल मर्यादेइतके, म्हणजे ३० लाख रुपये गुंतवलेले असले, तरी ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० रुपये हाती येतात. महिन्याला पडतात २०,५००. केवळ व्याजावर शुश्रूषा निभत नाही, हे कागदावरच दिसते.

विम्याचा आधार येथे तोकडा पडतो. सर्वसाधारण आरोग्य विमा रुग्णालयातील मुक्कामाचे पैसे देतो, घरी येणाऱ्या मावशींचे नाही. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देणारे आयुष्मान भारत योजनेचे कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले आहे. ते अवश्य काढावे. मात्र तेही रुग्णालयातील उपचारांसाठीच.

मग पैसा कोठून आणावा? येथे भल्या मुलांचीच गफलत होते. वडिलांची ठेव मोडणे हा त्यांना वडिलांचा अनादर वाटतो. गावात राहणारा धाकटा दुकानाचे भांडवल काढतो, पत्नीचे सोने गहाण ठेवतो. वडिलांच्या ठेवी मात्र जशाच्या तशा राहतात. वरवर पाहता ही पितृभक्तीच. परंतु मृत्युपत्र नसेल, तर वडिलांच्या पश्चात त्याच ठेवी भावाबहिणींत सारख्या वाटल्या जातात आणि ज्याने खर्च सोसला, त्याचे भांडवल परत येत नाही. मागितले तर सेवेची किंमत वसूल करतो असा बोल लागतो. न मागितले तर मनात अढी राहते. वडिलांचा पैसा प्रथम वडिलांसाठी, तो अपुरा पडला तर मुलांनी ऐपतीप्रमाणे भर घालावी, हा क्रम धरला असता तर यातले काहीच घडले नसते. मुदतीआधी ठेव मोडल्यास व्याज टक्का-अर्धा टक्का कमी मिळते, यावर काही घरांत जेवढी हळहळ होते, तेवढी आजाऱ्याच्या पाठीवर पडलेल्या जखमांवरही होत नाही! म्हणून दहा लाखांची एकच ठेव ठेवण्याऐवजी दोन-दोन लाखांच्या पाच ठेवाव्यात. लागेल तेवढीच मोडता येते.

पैसा आहे पण सही होत नाही, ही याहून मोठी अडचण. ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात राहील तो’ अशी सूचना असलेली संयुक्त ठेव म्हणजे सर्व सोय झाली, असा समज आहे. मुदत संपल्यावर एका सहीने रक्कम मिळते हे खरे. मुदतीआधी मोडायची असेल तर दोघांच्याही सह्या मागितल्या जाऊ शकतात. त्यासाठीची स्वतंत्र लेखी संमती ठेव ठेवतानाच बँकेला देऊन ठेवता येते, परंतु तिची आठवण कोणाला होत नाही. वडील शुद्धीत आहेत पण हातात लेखणी धरवत नाही, अशा वेळी हाताच्या वा पायाच्या अंगठ्याचा ठसा रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चालतो. दोन साक्षीदार लागतात व त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बाबतीत मात्र वाट बिकट आहे. मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्रही संपते; ज्या दिवसासाठी ते करून ठेवले, नेमक्या त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते. मग पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते आणि तोवर मावशींचा पगार थांबत नाही. म्हणून बँकेचे कागद वडिलांची स्मरणशक्ती शाबूत असतानाच, त्यांच्याच पुढ्यात बसून करून घ्यावेत. संकोच वाटतो, पण बहुतेक वडिलांना मुलांपेक्षा तो कमी वाटतो.

खर्चाची एक वही असावी. ठेव केव्हा मोडली, किती आले, कोणाला दिले, हे रोज लिहावे आणि दर महिन्याच्या १ तारखेला त्या पानांची छायाचित्रे पुण्याच्या भावाला, परदेशातील बहिणीला पाठवावीत. या वहीत एक रकाना बहुधा रिकामाच राहतो. रात्रपाळीची मावशी न सांगता खाडा करते, तेव्हा सून जागते. भावंडांच्या हिशेबी त्या रात्रीचे ८०० रुपये वाचलेले असतात. त्या रात्रीही वहीत लिहाव्यात : तारीख, पाळी आणि पुढे सुनेचे नाव. वडील मृत्युपत्र करायला बसतील, तेव्हा ती पाने त्यांना वाचून दाखवता येतील.