आश्रयाची कसोटी : धर्म की भय?

२५ मार्च २०२० रोजी काबूलच्या शोर बाजारातील गुरुद्वारात सकाळच्या प्रार्थनेसाठी जमलेल्या शिखांवर सशस्त्र हल्ला झाला आणि पंचवीस माणसे प्राणास मुकली. त्यापूर्वी १ जुलै २०१८ रोजी जलालाबादेतील आत्मघातकी स्फोटात संसदेच्या निवडणुकीस उभे राहिलेले शीख नेते अवतारसिंग खालसा मारले गेले. दोन्ही हल्ल्यांची जबाबदारी इस्लामिक स्टेटने घेतली. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानकडे पुन्हा सत्ता गेली आणि एकेकाळी हजारोंनी नांदणारा अफगाण हिंदू-शीख समाज मूठभर उरला. अशांना आश्रय मिळाला पाहिजे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो त्यांचा दावा कोणत्या कसोटीवर पारखावयाचा, हा.

१९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराने ती कसोटी सांगितली आहे : धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट वा राजकीय मत यांपायी छळ होण्याची साधार भीती. ब्रिटनमधील वरिष्ठ न्यायाधिकरणाने २०१५ साली अफगाण शीख-हिंदूंच्या प्रकरणांत ती लावली. केवळ धर्म पुरेसा नाही, प्रत्येकाची परिस्थिती तपासावी, असा निर्णय झाला. स्त्रीला घरातील पुरुषाचा आधार आहे काय, दुकान व जमीन बळकावली जाते काय, गुरुद्वारापर्यंत निर्धास्त जाता येते काय, मुलांना शाळा आहे काय, हे प्रश्न त्यात आले. छळ म्हणजे केवळ बॉम्बस्फोट नव्हे; माणसाची रोजी, शाळा आणि उपासना हिरावून घेणे हाही छळच, हे त्यातून स्पष्ट झाले. ऐपत असलेले आधीच देशाबाहेर पडले, मागे राहिले ते बहुधा निर्धन, हे वर्गीय सत्यही विसरता येत नाही. मात्र २०१५ चे चित्र २०१८, २०२० आणि २०२१ नंतर तेच उरले नाही. म्हणून वैयक्तिक चौकशीला ताज्या वस्तुस्थितीची जोड अपरिहार्य ठरते.

भारताने या करारावर सहीच केलेली नाही. येथे आश्रयाचा स्वतंत्र कायदाही नाही. त्याऐवजी २०१९ ची नागरिकत्व दुरुस्ती आली. हिंदू-शिखांना दुसरा देश कोणता, असा तिच्या समर्थकांचा सवाल असतो. सवाल खोटा नाही. पण दुरुस्तीचे उत्तर खोटे आहे. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच तिचा लाभ मिळतो. शोर बाजारातील हत्याकांडानंतर दिल्ली गाठलेले शीख कुटुंब त्या मर्यादेबाहेर पडते. तमिळनाडूच्या छावण्यांत वर्षानुवर्षे राहिलेले श्रीलंकेतील तमिळ बहुसंख्येने हिंदू आहेत; तेही वगळले गेले. आणि काबूलच्या ज्या हजारा शियांची प्रार्थनास्थळे व शिकवणीवर्ग त्याच इस्लामिक स्टेटने उद्ध्वस्त केले, त्यांचे नाव तर कायद्यात कोठेच नाही. मारेकरी एक, भीती एक. कायद्याच्या लेखी मात्र माणसे निराळी! पीडितांची खरी कणव असती, तर कायद्याने तारीख आणि धर्म विचारण्याऐवजी भय विचारले असते.

परंतु दोष केवळ सत्ताधाऱ्यांचा नाही. जमातवादी शक्ती या दुःखाचे भांडवल करतात, एवढ्यावरून अनेक पुरोगामी अफगाण शीख-हिंदूंविषयी मौन पाळत आले. हे मौन म्हणजे पीडितांना जमातवाद्यांच्या हवाली करणे होय. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने जीविताचा हक्क परकीयांनाही असल्याचे बजावले. त्या पायावर सर्वांना समान लागू होणारा, स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे सुनावणीची हमी देणारा आश्रय कायदा उभारला पाहिजे. शोर बाजारातील विधवेला सरकारची दया नको आहे. तिला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क हवा आहे. तो तिला मिळवून देताना तिच्या शेजारच्या हजारा स्त्रीलाही मिळेल, अशी मागणी करणे हेच समाजवादी कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.