गाडीचेही माप घ्यावे

आम्ही कापडाचे व्यापारी, मोटारीचे कारागीर नव्हे. तरीही व्यापाराच्या या पानावर गाडीविषयी चार शब्द लिहीत आहोत. कारण अड्याळसारख्या गावी दुकानाचा निम्मा भार गाडीवर असतो. नागपूरच्या गांधीबागेतून माल आणणे, पवनी-भंडाऱ्याकडे पोहोचविणे, आठवडी बाजार करणे, हे सारे ओम्नी किंवा ईकोसारख्या गाडीवर चालते. ओम्नीचे उत्पादन २०१९ साली बंद झाले, पण जुन्या गाड्या अजून थान वाहत आहेत.

रस्त्यात रानडुक्कर आडवे येते, गाडी नालीत उतरते किंवा पुलाच्या कठड्याला चाक आपटते. मग नवा बंपर, नवा हेडलाइट, डेंटिंग-पेंटिंग होऊन गाडी नवरीसारखी घरी येते. महिनाभरात मात्र स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागते आणि टायर एका कडेने झिजतो. मालक अलाइनमेंट करून घेतो. काही दिवसांनी पुन्हा तेच. आमचे स्पष्ट मत असे की, अपघातानंतर अलाइनमेंट हा इलाज नसून आधी ते मोजमाप आहे.

चाकांची मुख्य मापे तीन. चाके पुढून आत वा बाहेर वळलेली असणे म्हणजे टो, चाक वरून आत वा बाहेर झुकणे म्हणजे कॅम्बर, आणि चाक ज्या रेषेवर वळते तिचा पुढे-मागे कल म्हणजे कॅस्टर. आपल्या लहान गाड्यांत बहुधा फक्त टो टाय रॉडवरून कमीजास्त करता येतो. म्हणून एकाच बाजूचा कॅम्बर किंवा कॅस्टर बिघडला असेल, तर लोअर आर्म, शॉकअप, नकल किंवा क्रॉस मेंबर वाकल्याचा संशय घेतला पाहिजे. अशा वेळी नुसता टो जुळवून देणे म्हणजे फाटलेल्या थानाची घडी वर करून विकणे होय.

काही तपासण्या मालकाने स्वतः कराव्यात. दोन्ही टायरांत हवा सारखी भरावी. पुढील चाकांची अदलाबदल करावी. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. सपाट जमिनीवर स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावावा. स्पष्ट फरक आला तर चाक मागे सरकले आहे. टायरवरून आडवा हात फिरवावा. करवतीसारखे दाते लागले तर टो बिघडलेला, एकच कड झिजली तर कॅम्बरची शंका. गाडी जॅकवर उचलून, खाली मजबूत स्टँड लावूनच, चाक वर-खाली हलवावे. खळखळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग पाहावे. डावी-उजवीकडे हलले तर टाय रॉड एंड पाहावा. चाक फिरविताना डगमगले तर रिम वाकली आहे.

वाकलेला आर्म तापवून, ठोकून सरळ करून देणारेही भेटतात. त्यांना साफ नकार द्यावा. तापविलेल्या लोखंडाची ताकद कमी होऊ शकते, आणि तो भाग भरधाव गाडीत तुटला तर माणसाचा जीव जातो.

खर्चाची अडचण खरी आहे. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीसाठी काहीच मिळत नाही. पूर्ण विम्यातही घसारा कापला जातो : सर्वसाधारण पॉलिसीत रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के, धातूच्या भागांवर गाडी ५ ते १० वर्षांची असल्यास ४० टक्के आणि त्याहून जुनी असल्यास ५० टक्के. म्हणूनच कोणते चाक आपटले ते दावा अर्जात पहिल्याच दिवशी लिहावे. गाडी उघडल्यावर नवे नुकसान दिसले तर पुरवणी अंदाजपत्रक द्यावे, आणि सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय जुना भाग फेकू देऊ नये.

यंत्र गावात नाही, ही सबबही आम्हास पटत नाही. माल घ्यायला आपण शहरात जातोच. दुरुस्तीपूर्वीच्या आणि दुरुस्तीनंतरच्या मापांचा छापील कागद बिलासोबत मागावा, आणि गॅरेजवाल्यांनीही तो न मागता द्यावा. मीटर लावल्याशिवाय आपण कापड घेत नाही. मग ज्या गाडीत आपली मुले बसतात, तिचे बिल माप न पाहता का चुकवावे?