मोहरी तळहातावर ठेवा

संडे स्कूलमध्ये मुलांना कात्री-गोंद देऊन बसवतात, वचने पाठ करून घेत नाहीत, अशी चर्चमधल्या वडीलधाऱ्यांची तक्रार असते. विश्वास वचन ऐकण्याने येतो, हस्तकलेने नाही. अडचणीच्या वेळी पाठ असलेले वचनच ओठांवर येते, असे ते म्हणतात. यातला शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. आजारपणात पाठ असलेले स्तोत्र माणसाला सावरते. पण म्हणून हाताचे काम वर्ज्य ठरत नाही.

शास्त्रच पाहा. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाचा विधी लावून दिला आहे: कोकरू, बेखमीर भाकर, कडू भाजी. हे कशासाठी, असे मुले विचारतील तेव्हा त्यांना सांगा, ही तिथली रीत. आधी विधी, मग मुलाचा प्रश्न, मग उत्तर. आपण उत्तर आधीच घोकून घेतो. प्रश्न पडायला वावच उरत नाही. शेवटच्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतले, शिष्यांचे पाय धुतले आणि मगच त्याचा अर्थ सांगितला.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ उघडावे. १६१६ साली गोव्यात राशोलला छापलेल्या या ग्रंथाच्या आरंभी सासष्टीतल्या चर्चमध्ये रविवारी मुले धर्मतत्त्वे शिकत आहेत. ते पाहून एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना म्हणतो, ही शिकवण चांगलीच आहे, पण आम्हाला एखादे पुराणही द्या. जुन्या पोथ्या सुटल्या होत्या आणि नुसत्या घोकंपट्टीने ती उणीव भरत नव्हती. स्टीफन्सनी दहा हजारांवर ओव्या रचल्या, मोठ्याने म्हणायच्या, कानाने ऐकायच्या.

मुलांच्या लक्षात गोंदच राहतो, हा आक्षेप मात्र काही वर्गांना लागू पडतो. थर्माकोलच्या तारवावर चमकी चिकटवून नोहा कळत नाही. तास तेवढा भरतो. हाताला दिलेले काम दाखल्याच्या आतलेच हवे. रोममध्ये १९५४ साली सोफिया काव्हालेत्ती या बायबलच्या अभ्यासक स्त्रीने जिआन्ना गोब्बी या माँटेसरी शिक्षिकेबरोबर जी पद्धत सुरू केली, तिचे मर्म हेच. लाकडी मेंढपाळ आणि मेंढरे मूल स्वतः हलवते, मोहरीचा दाणा हातात घेऊन पाहते. मोठे माणूस कमी बोलते.

आपल्याकडे साहित्याला काय तोटा? मोहरी मिसळणाच्या डब्यात आहे. मुंबईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत सणाला फुग्यांचे, म्हणजे तळलेल्या गोल पावांचे, पीठ खमीर घालून भिजवतात. मुलाला त्यात हात घालू द्यावा, टोप झाकायला सांगावे आणि पीठ फुगून वर आले की झाकण काढायला लावावे. वर बुडबुडे, आंबूस वास. आता यातले खमीर वेगळे काढून दाखव म्हणावे. ते जमत नाही म्हटल्यावर मूल जे विचारेल, तिथून देवाच्या राज्याचा दाखला सांगायला घ्यावा.

दहावी-बारावीच्या मुलांना कागदकाम देऊच नये. पवित्र गुरुवारी त्यांना वृद्धाश्रमात न्यावे. कुणाचा घोटा सुजलेला असेल, कुणाच्या टाचा भेगाळलेल्या असतील. ते पाय त्यांनी धुवावेत, पुसावेत. योहानाचा तेरावा अध्याय त्याच रात्री वाचावा, पाठही करावा. घरी आल्यावर ती मुले प्रश्न विचारतील. तक्रार करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तेव्हा त्यांच्याजवळ बसून उत्तरे द्यावीत.