अपुरी ज्युरी नव्हे, जागा

इंग्लंड आणि वेल्समध्ये गंभीर गुन्ह्यांचे खटले क्राउन कोर्टात बारा जणांच्या ज्युरीपुढे चालतात. कोरोनाच्या साथीत २३ मार्च २०२० रोजी नवे ज्युरी खटले थांबले आणि १८ मे रोजी लंडनच्या ओल्ड बेलीसह मोजक्याच न्यायालयांत पुन्हा सुरू झाले. तेव्हापासून एक पक्ष सांगत आला आहे की, बारा अनोळखी माणसे एका खोलीत कोंबणे साथीत परवडत नाही; तुंबलेले खटले न्यायाधीशाने एकट्याने निकाली काढावेत; ही व्यवस्था तात्पुरतीच असेल; आणि ज्युरी मोडीत काढून भारताचे तरी काय अडले? हा युक्तिवाद सरकारच्या सोयीचा आहे, आणि पायरीपायरीवर चुकीचा आहे.

खटले साथीमुळे तुंबले, हे अर्धेच खरे. २०१९ संपताना सुमारे ३८ हजार खटले आधीच पडून होते, कारण खर्च वाचवण्यासाठी न्यायालयांच्या कामाचे दिवस कमी केले होते. २०२१ च्या मध्यापर्यंत हा आकडा ६० हजारांच्या आसपास गेला. दालनांना कुलूप घालून झालेल्या दिरंगाईचे खापर ज्युरीवर फोडणे हा उघड अन्याय आहे.

मुख्य आक्षेप गर्दीचा, आणि तोच सर्वांत कच्चा. जुन्या इमारतींत ज्युरीची बाके अरुंद आणि विचारविनिमयाची खोली त्याहून लहान, ही अडचण खरी. पण ती जागेची अडचण आहे. स्कॉटलंडने हे करून दाखवले. तिथे ज्युरी पंधरा जणांची, म्हणजे प्रश्न आणखी बिकट. मार्च २०२० अखेर तिथल्या सरकारने ज्युरीविना खटल्यांची तरतूद आणीबाणीच्या विधेयकात घातली होती. वकिलांनी कडाडून विरोध केल्यावर ती मागे घ्यावी लागली. मग जागेचा शोध सुरू झाला. त्या वर्षीच्या शरद ऋतूपासून एडिनबरा आणि ग्लासगो परिसरातील ओस पडलेल्या चित्रपटगृहांत ज्युरी बसू लागली. पंधरा जण अंतर राखून खुर्च्यांवर, समोरच्या मोठ्या पडद्यावर वेगवेगळ्या चौकटींत न्यायाधीश, वकील, साक्षीदार आणि आरोपी. तिकडे न्यायालयात पडद्यांवर ज्युरीचे चेहरे, म्हणजे आपला न्याय कोण करत आहे हे आरोपीलाही दिसत राहिले. इंग्लंडनेही जुलै २०२० पासून इतर इमारती घेऊन तात्पुरती न्यायालये उघडली, पण उशिरा आणि हात आखडून. जागा शोधण्याआधीच हक्कावर हात टाकणाऱ्यांना साथीची नव्हे, ज्युरीचीच अडचण वाटत असते.

‘तात्पुरते’ या आश्वासनावर विसंबता येत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये दहशतवादाच्या खटल्यांसाठी १९७३ मध्ये आणलेली ज्युरीविना न्यायालये २००७ पर्यंत टिकली, आणि अपवाद म्हणून असे खटले त्यानंतरही चालले. एक न्यायाधीश आणि दोन दंडाधिकारी, ही सूचना इंग्लंडमध्ये जून २०२० मध्ये साथीपुरती पुढे आली आणि बारगळली; जुलै २०२५ मध्ये सरकारने नेमलेल्या समीक्षेच्या अहवालात काही गुन्ह्यांसाठी ती कायमची शिफारस होऊन परतली. साथ सरली, सूचना उरली.

भारताचा दाखला देणारे ज्युरी बंद होण्याचे कारण म्हणून १९५९ च्या नानावटी खटल्याकडे बोट दाखवतात. पण ज्युरी बंद करण्याची शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच केली होती. त्याहून जवळचे उदाहरण मुंबईचेच आहे. सप्टेंबर १८९७ मध्ये, प्लेगच्या काळात, टिळकांवरील राजद्रोहाचा खटला मुंबई उच्च न्यायालयात ज्युरीपुढेच चालला. सहा युरोपीयांनी दोषी म्हटले, तिघा भारतीयांनी निर्दोष. दोष ज्युरी असण्यात नव्हता. तिच्यातले बहुसंख्य आरोपीच्या समाजातले नव्हते, यात होता. आणि सत्तेला नको असलेले ते तीन नकार नोंदले गेले, तेही ज्युरी होती म्हणूनच.

साथीत सरकारच्या हाती एरवी नसलेले अधिकार येतात, म्हणून शिक्षेआधी सामान्य नागरिकांची संमती तेव्हा जास्तच लागते. वेळ पडल्यास संख्या घटवता येते: दुसऱ्या महायुद्धात देशद्रोह आणि खून यांसारखे खटले वगळता इंग्लंडने सात जणांची ज्युरी चालवली. एकट्या न्यायाधीशापुढे जायचे तर ती निवड आरोपीची असावी. कच्च्या कैद्यांची फरफट हा विरोधकांचा एकमेव सबळ मुद्दा आहे. पण सप्टेंबर २०२० मध्ये खटल्याआधीच्या कोठडीची मुदत १८२ वरून २३८ दिवसांवर नेली ती सरकारनेच. त्यावर उपाय जामीन आणि जादा दालने हाच होता.