आस्वाद म्हणून घ्यावी, औषध म्हणून नव्हे

वैद्यक व्यवसायातील स्नेहमेळाव्यांत रेड वाइनचा प्याला सहज दिसतो आणि ‘हृदयाला चांगली असते’ हे वाक्यही तितक्याच सहजतेने ऐकू येते. वाइनच्या रसास्वादाला माझा विरोध नाही. तिला औषधाचा मान देण्यास मात्र आहे. झिनफँडेल द्राक्षावर आधारलेल्या मिश्र रेड वाइनचे उदाहरण घेऊन हा भेद स्पष्ट करतो.

झिनफँडेल ही कॅलिफोर्नियाची ओळख. पण तिचे मूळ क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचे, हे २००१ साली डीएनए तपासणीतून निश्चित झाले. नाशिक परिसरातही हे वाण पिकते. याच्या एकाच घडात काही मणी कच्चे, काही पक्व, तर काही मनुक्यासारखे सुकलेले असतात. सारे पिकेपर्यंत थांबावे, तर साखर वाढते आणि आंबवल्यावर मद्यार्क १४-१५ टक्क्यांवर जातो. म्हणून इतर द्राक्षांची साथ घ्यावी लागते. कॅलिफोर्नियातील रिज वायनरीची, १९६६ पासून निघणारी ‘गायझरव्हिल’ हा याचा उत्तम नमुना. तीत कारिन्यान तजेलदार आंबटपणा देते, तर पेटिट सिरा गडद रंग व तुरटपणा.

पारख करताना प्याला पांढऱ्या कापडासमोर धरून रंग पाहावा, मग गंध घ्यावा. रास्पबेरी, ब्लॅकबेरी आणि काळी मिरी हा झिनफँडेलचा स्वभाव. केवळ मुरंब्याचा वास आला, तर फळ अतिपक्व समजावे. घोट जिभेवर घोळवून आंबटपणा, तुरटपणा व गोडसरपणा यांचा मेळ पाहावा. घशात जळजळ प्रथम जाणवली, तर मिश्रणाचा हेतू फसला. गोव्याच्या उकाड्यात बाटली वीसेक मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी. अन्यथा मद्यार्काचाच दर्प पुढे येतो. व्यावसायिक परीक्षक तर घोट गिळत नाहीत, थुंकतात. आस्वादाला मात्रा लागत नाही, हेच यातून दिसते.

आता आपले गणित. साडेचौदा टक्क्यांच्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १७ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. १९९० च्या दशकात ‘फ्रेंच विरोधाभास’ गाजला. परंतु माफक पिणारे मुळातच अधिक सुस्थितीत असतात आणि आजारपणामुळे मद्य सोडलेल्यांची गणना ‘न पिणाऱ्यां’त होते, हे दोष त्या निष्कर्षांत पुढे दिसून आले. मद्य कर्करोगकारक असल्याचे १९८८ मध्येच जाहीर झाले होते. मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला याची विशेष चिंता वाटते. सर्दी झालेल्या तान्ह्याला ब्रँडीचे थेंब देण्याची घरगुती रीत मद्याला औषध मानण्यातूनच रुजली. गर्भवतीला ‘थोडी वाइन चालते’ असे कोणी सांगितले, तर त्याची किंमत गर्भ मोजतो. मेजवानीत डॉक्टरांच्या तोंडून निघालेला उद्गार समाजात सल्ला होऊन फिरतो.

तेव्हा ज्यांना वाइन घ्यायची आहे, त्यांनी ती चवीसाठी घ्यावी, थोडी घ्यावी आणि तसे मोकळेपणाने म्हणावे. रसिकतेला वैद्यकाच्या प्रमाणपत्राची गरज नसते; आणि वैद्यकाने ते देऊही नये.